प्लीहा, ऊर्जा, पंचमहाभूतं : चिनी वैद्यकाची चुकीची ओळख

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पारंपरिक चिनी वैद्यकाची तोंडओळख करून देणारा लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, पहिल्यांदा उत्सुकतेनं आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. विषय घेतलात याचा खरंच आनंद झाला कारण मराठीत यावर नीट लिहिलेलं फार कमी मिळतं, जे मिळतं ते एक तर जाहिरात असतं नाहीतर टवाळी. पण लेखाच्या मधोमध जो रंगीत चौकोन दिलाय ना, 'छी म्हणजे ऊर्जा, वू शिंग म्हणजे पंचमहाभूतं, पी म्हणजे प्लीहा, यिन म्हणजे स्त्री, यांग म्हणजे पुरुष', तो बघून राहवेना. लोक लेख विसरतात, चौकोन लक्षात ठेवतात, त्याचा फोटो काढून फॉरवर्ड करतात. आणि या चौकोनातली जवळजवळ प्रत्येक ओळ वाचकाला भलत्याच वाटेला लावणारी आहे.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. बारा वर्षं चिनीतून मराठीत भाषांतर करते, त्यातली बरीचशी वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांवर गेली. 'प्लीहा'ची चूक मला लगेच दिसली कारण ती मी स्वतः केलेली आहे. एका प्रकरणात मी सरळ लिहून मोकळी झाले होते की प्लीहा अन्न पचवते, त्याचं सार वर फुप्फुसाकडे पाठवते आणि रक्ताला वाहिन्यांच्या आत धरून ठेवते. मसुदा तपासणाऱ्या एका सर्जननी समासात एवढंच लिहिलं, अपघातात ज्यांची प्लीहा काढून टाकावी लागते ती माणसं मग जेवतात कशी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस ते पान तसंच पडून होतं.

उत्तर असं आहे की चिनी वैद्यकातलं 'पी' हे पोटात डाव्या बाजूला असलेल्या त्या जांभळट अवयवाचं नुसतं नाव म्हणून वापरलेलं नाही, ते मुख्यतः एका कामांच्या जुडग्याचं नाव आहे. खाल्लेल्याचं रसात रूपांतर करणं, तो रस अंगभर पोचवणं, हातापायात जोर ठेवणं, मांस भरलेलं ठेवणं, रक्त बाहेर झिरपू न देणं, तोंडाची चव आणि ओठांचा रंग, हे सगळं मिळून 'पी'. एखाद्याचं पोट सतत ढिलं असेल, जेवल्यावर ग्लानी येत असेल, अंग जड वाटत असेल, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटले असतील तर चिनी वैद्य म्हणतो 'पी अशक्त झालंय'. सर्जन ज्या प्लीहेबद्दल बोलतात ती जुन्या रक्तपेशी गाळते आणि रोगप्रतिकारात भाग घेते, तिचा जेवणाशी काही संबंध नाही. गोंधळ वाढतो कारण पुढे पाश्चात्त्य शरीरशास्त्र चिनीत आलं तेव्हा त्या अवयवालाही हाच 'पी' शब्द लावला गेला, म्हणजे आता खुद्द चिनीतही एक शब्द दोन नोकऱ्या करतो.

हे फक्त शब्दांचं लचांड नाहीये. 'शेन' घ्या. भाषांतर होतं मूत्रपिंड, पण चिनी वैद्यकात शेन म्हणजे जन्मतः मिळालेला साठा, वाढ, वयात येणं, अपत्य होणं, हाडं, दात, कानांची शक्ती, म्हातारपण, असं सगळं. आता एखाद्या पेशंटला कोणी सांगितलं 'तुमचं शेन अशक्त आहे' आणि त्यानं ते 'किडनी खराब झाली' असं ऐकलं तर तो घाबरून क्रिएटिनिन तपासायला पळणार, आणि उलट ज्याची किडनी खरंच खराब आहे त्याला कोणी 'शेन मजबूत करणारा काढा' दिला तर तो रिपोर्ट बाजूला ठेवून निर्धास्त होणार. दुसऱ्या प्रकारात जीव जाऊ शकतो.

यिन-यांगचं पण तसंच. ही दोन अक्षरं मुळात डोंगराच्या दोन बाजूंची आहेत, यिन म्हणजे सावलीची बाजू आणि यांग म्हणजे उन्हाची. डोंगर एकच. सकाळी पूर्वेच्या उतारावर ऊन असतं, संध्याकाळी तोच उतार सावलीत जातो, म्हणजे कुठलाही उतार कायमचा यिन किंवा कायमचा यांग नसतो, कशाच्या तुलनेत आणि कधी ते सांगावं लागतं. पाठ यांग तर पोट यिन, पण छाती आणि पोट यांच्यात परत छाती यांग. ताप, तहान, लाली, घाई हे यांगकडे, गारठा, फिकेपणा, सुस्ती हे यिनकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उष्णता दोन कारणांनी वाढू शकते, यांग खरंच वाढल्यामुळे किंवा त्याला थोपवून धरणारं यिन आटल्यामुळे, पहिल्यात उष्णता बाहेर काढायची आणि दुसऱ्यात ओलावा भरायचा, वरून दोन्ही पेशंट लालच दिसतात. एवढा बारकावा असलेली कल्पना 'स्त्री आणि पुरुष' म्हणून संपवणं मला फार अन्यायाचं वाटतं. स्त्री-पुरुष हे त्यातलं शेकडोंपैकी एक उदाहरण आहे.

वू शिंगबद्दल जास्त लिहिते कारण इथे आपण मराठी लोक सगळ्यात जास्त घसरतो. पाच दिसले की आपल्याला लगेच पंचमहाभूतं आठवतात, साहजिक आहे. पण यादी बघा ना : लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. वायू नाही, आकाश नाही, आणि लाकूड अन् धातू आपल्या यादीत नाहीत. त्याहून मोठा फरक 'शिंग' या अक्षरात आहे, त्याचा अर्थ चालणं, जाणं. पंचमहाभूतं म्हणजे जग कशाचं बनलंय त्याची यादी, वू शिंग म्हणजे बदल कसकसा चालतो त्याच्या पाच चाली. एका प्राचीन चिनी ग्रंथात त्यांचं वर्णनच तसं केलंय, पाणी भिजवतं आणि खाली उतरतं, अग्नी भडकतो आणि वर चढतो, लाकूड वाकतं आणि सरळ होतं, धातूला हवा तो आकार देता येतो, माती पेरू देते आणि पीक देते.

या पाचांमध्ये दोन नाती. एक जन्म देण्याचं, लाकडापासून अग्नी, अग्नीच्या राखेपासून माती, मातीतून धातू, धातूपासून पाणी, पाण्यानं परत लाकूड वाढतं. दुसरं आवर घालण्याचं, लाकूड मातीला, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू लाकडाला. मग प्रत्येकाला एकेक अवयव, ऋतू, चव, भावना, इंद्रिय जोडलेलं आहे. लाकडाकडे 'गान' म्हणजे यकृत, वसंत, आंबट, राग, डोळे. अग्नीकडे हृदय, उन्हाळा, कडू, हर्ष, जीभ. मातीकडे आपलं ते 'पी', उन्हाळ्याचा शेवट, गोड, सततचा विचार, तोंड. धातूकडे फुप्फुस, शरद, तिखट, शोक, नाक. पाण्याकडे 'शेन', हिवाळा, खारट, भीती, कान. पाठ करायला सोपं आहे म्हणून लोक पाठ करतात आणि थांबतात. पण वैद्य याचा उपयोग कसा करतो ते बघण्यासारखं आहे. एखादा माणूस राग गिळत राहतो, छातीच्या बाजू भरल्यासारख्या होतात, सुस्कारे टाकतो, आणि काही दिवसांनी भूक जाते, पोट बिघडतं. चिनी वैद्य म्हणणार, लाकडानं मातीवर प्रमाणाबाहेर जोर केला, म्हणजे गान अडलं आणि त्यानं पी दाबलं, मग औषध नुसतं पोटाला देऊन चालणार नाही, आधी गान मोकळं करायला पाहिजे. राग आणि पोट यांचा संबंध आपल्यापैकी कितीतरी जणांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलेला आहे. लाकूड आणि माती ही त्या अनुभवाला दिलेली भाषा आहे. ती भाषा सगळीकडे बसते असं मला अजिबात वाटत नाही, पाचाच्या चौकटीत बसवायला म्हणून चार ऋतूंमध्ये एक जास्तीचा घुसवावा लागला हे तर उघडच दिसतं, पण निदान ती कशासाठी होती ते तरी सांगा.

'छी'ला ऊर्जा म्हणण्याला माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. जुन्या लिपीत हे अक्षर तांदळावरून उठणाऱ्या वाफेसारखं आहे, खाली तांदूळ आणि वर वाफ. श्वास, वाफ, हवा, वारा, वास, मनाची अवस्था, सगळ्याला हा शब्द चालतो. आजच्या चिनीत हवामान म्हणजे 'थ्येन-छी', आकाशाचा छी, आणि रागावणं म्हणजे 'शेंग-छी', छी उत्पन्न होणं. शरीरात छीची कामं सांगितलीयत ती अशी की ढकलणं, ऊब देणं, राखण करणं, धरून ठेवणं, रूपांतर करणं. त्यात परत प्रकार आहेत, जन्माबरोबर आलेला, अन्न आणि श्वासातून छातीत जमणारा, रक्ताबरोबर वाहून पोषण करणारा, कातडीखाली पहारा देणारा. रक्ताबद्दल म्हण आहे की छी रक्ताचा सेनापती आणि रक्त छीची आई. ऊर्जा हा फिजिक्सचा शब्द आहे, ती ज्यूलमध्ये मोजतात. छीला ऊर्जा म्हणायची पद्धत युरोपात पडली, विसाव्या शतकात जॉर्ज सुलिए द मोराँ या फ्रेंच अभ्यासकानं ती रुजवली, आणि एकदा ऊर्जा म्हटलं की मग कोणीतरी मशीन घेऊन येतो आणि तुमची छी किती टक्के ते पट्टीवर दाखवतो. असं मशीन कोणी विकायला आणलं तर वाचकांनी सरळ दार लावावं.

सानजिआओ, म्हणजे चिनी वैद्यक मानतं त्या अवयवांपैकी एक, त्याबद्दल लेखात एक ओळ होती, 'तिहेरी तापवणी, याचा शोध सुरू आहे'. शोध सुरू नाही हो. प्राचीन ग्रंथांनीच त्याला नाव आहे पण आकार नाही असं म्हणून ठेवलंय.

आता निदानाकडे येते कारण या वैद्यकाचा जीव माझ्या मते तिथे आहे आणि लेखात त्याला दोनच वाक्यं मिळाली. बघणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं आणि स्पर्श, या चार वाटांनी माहिती गोळा करायची. बघण्यात जीभ सगळ्यात मोठी, तिचा रंग, आकार, वरचा थर पांढरा की पिवळा, पातळ की जाड. स्पर्शात नाडी, दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं. नाडीचे प्रकार तिसऱ्या शतकात वांग शुहनं 24 सांगितले, सोळाव्या शतकात ली शिजेननं 27, आणि आजच्या पुस्तकांत 28 असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडासारखी, थाळीत घरंगळणाऱ्या मोत्यांसारखी, ताणलेल्या धनुष्याच्या दोरीसारखी, अशी वर्णनं आहेत, वाचायला फार सुंदर, पण बोटांखाली काय लागलं हे दोन वैद्यांनी वेगवेगळं सांगणं किती सोपं आहे हेही त्यातून कळतं. मग हे सगळं आठ निकषांवर लावायचं : यिन की यांग, आत की बाहेर, थंड की उष्ण, कमतरता की अतिरेक. त्यातून निघतो तो 'जेंग', म्हणजे त्या क्षणीचा त्या माणसाचा एकूण नमुना, आणि औषध त्या जेंगला द्यायचं, रोगाच्या नावाला द्यायचं नाही. म्हणून एकाच रोगाच्या दोन पेशंटना वेगळी औषधं आणि दोन वेगळ्या रोगांना एकच औषध असं तिथे सर्रास होतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जांग जोंगजिंगचं. हा साधारण इ.स. 200 च्या सुमाराचा वैद्य, त्याच्या कुळात दोनशेच्या वर माणसं होती आणि दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, दहातले सात थंडीच्या तापानं, असं त्यानं स्वतः प्रस्तावनेत लिहिलंय. त्या दुःखातून त्याचा 'शांगहान लुन' हा ग्रंथ आला. त्यात तापाच्या सुरुवातीला तो एक साधा प्रश्न धरतो, पेशंटला घाम येतोय का? डोकं दुखतंय, थंडी वाजतेय, नाडी वर तरंगतेय, अंग दुखतंय, धाप लागतेय आणि घाम अजिबात नाही, तर माहुआंग या वनस्पतीचा काढा. तसाच ताप, पण घाम येतोय आणि वारा सहन होत नाही, तर माहुआंग नको, दालचिनीच्या कोवळ्या फांद्यांचा, म्हणजे ग्वेजीचा काढा. आणि पुढे सांगतो की काढा घेतल्यावर थोड्या वेळानं गरम पातळ पेज प्यायला द्या, पांघरूण घाला, अंगभर बारीक घाम येऊ द्या पण पाण्यासारखा वाहू देऊ नका, एका मात्रेत बरं वाटलं तर उरलेला देऊच नका. अठराशे वर्षांपूर्वी कोणीतरी रोग्याच्या उशाशी बसून इतकं बारकाईनं बघत होतं, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. माहुआंगच्या काढ्यात चारच गोष्टी आहेत आणि त्यांना दरबारातली पदं आहेत, माहुआंग राजा, ग्वेजी मंत्री, जर्दाळूच्या बिया साहाय्यक, ज्येष्ठमध दूत. पण माहुआंगमध्ये एफेड्रिन असतं, ते हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवतं, म्हणून 'सर्दीवर चिनी काढा' असं लिहून कोणी ते वाटत सुटलं तर ते आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीनं धोक्याचं आहेच, शिवाय जांग जोंगजिंगच्या दृष्टीनंही चूक आहे, कारण तो आधी घामाबद्दल विचारणार होता.

लेखाचं पहिलंच वाक्य होतं 'पाच हजार वर्षं जशीच्या तशी चालत आलेली परंपरा'. तसं नाहीये. ज्याला मूळ ग्रंथ मानतात तो 'ह्वांगदी नेइजिंग', पिवळा सम्राट आणि त्याचा वैद्य छीबो यांच्या संवादाच्या रूपात, 81-81 प्रकरणांचे दोन भाग, तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वी अनेक हातांनी मिळून तयार झाला. छांगशा शहराजवळ मावांगदुईला 1973 मध्ये इ.स.पू. 168 ची एक कबर उघडली त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर सापडले, त्यातल्या वाहिन्यांच्या, म्हणजे अंगात छी ज्या वाटांनी फिरतो असं मानतात त्यांच्या, मजकुरात वाहिन्या अकराच आहेत, नेइजिंगमध्ये त्या बारा झाल्या, आणि उपचार म्हणून शेक देणं आहे, सुया टोचणं नाही. म्हणजे वाहिन्यांच्या ज्या नकाशाला आज अनादी म्हणतात तो बनत असताना आपण बघू शकतो. पुढेही एका रेषेत काही गेलं नाही. 1822 मध्ये सम्राटानं राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर बंद केलं. 1929 मध्ये सरकारच्या आरोग्य समितीनं जुनं वैद्यकच हद्दपार करायचा ठराव केला, त्यावर 17 मार्चला शांघायमध्ये देशभरातले वैद्य जमले आणि ठराव बारगळला. मग 1956 मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि छेंगदू इथे कॉलेजं सुरू झाली, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं लिहावी लागली आणि एकमेकांशी भांडणाऱ्या कितीतरी घराण्यांच्या मतांतून एक नीटनेटका अभ्यासक्रम तयार केला गेला. तुमच्या लेखात जी मांडणी आलीय ती या अभ्यासक्रमाची आहे, वयानं ती माझ्या आईएवढी आहे.

मग हे खरं आहे का, उपयोगी आहे का? लेखकानं 'नोबेल मिळालंय म्हणजे सिद्ध झालं' असं लिहिलंय म्हणून त्याबद्दल. तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं ते मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात तापावर छिंगहाओ ही वनस्पती मूठभर घेऊन पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलाय, उकळायला सांगितलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, उष्णतेनं गुण जात असावा असं वाटून त्यांनी साधारण 35 अंशाला उकळणारं ईथर वापरलं आणि 1971 मध्ये तो अर्क उंदरांच्या मलेरियावर चालला. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन बघितला. यात जुन्या नोंदीचा वाटा मोठा आहे, तो कोणी नाकारू नये. पण यिन-यांग किंवा वू शिंग यातून सिद्ध झालं असं म्हणता येत नाही, कारण औषध जेंग बघून दिलं जात नाही, ते परजीवीला मारतं.

सुयांबद्दल जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 पेशंटवर मोठी चाचणी झाली, 2007 मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरनं 47.6 टक्के लोकांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना. सुया टोचून घेणाऱ्यांना बरं वाटलं हे खरं, आणि नेमक्या बिंदूनं फारसा फरक पडला नाही हेही खरं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा एवढंच म्हणणं आहे.

आणि औषधांच्या बाबतीत 'नैसर्गिक म्हणून निर्धोक' हे वाक्य कृपया परत छापू नका. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये दिलेल्या गोळ्यांनी शंभरावर लोकांच्या किडन्या गेल्या, कित्येकांना पुढे मूत्रमार्गाचे कॅन्सर झाले. गोळ्यांत 'फांगजी' नावाची चिनी वनस्पती असायला हवी होती. फांगजी नावानं दोन वेगळ्या वनस्पती चालतात, हान फांगजी आणि ग्वांग फांगजी, हवी होती पहिली आणि आली दुसरी, जिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते हळूहळू मारतं, महिनोन् महिने, त्यामुळे शतकानुशतकांच्या अनुभवातही ते नीट पकडलं गेलं नाही. एक नाव दोन वस्तूंना, एवढ्यावरून हे झालं. म्हणून मी तुमच्या त्या चौकोनावर इतकी अडून बसलेय.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढच्या भागात मूळ चिनी शब्द तसेच ठेवा, छी, पी, शेन, जेंग, आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत काम समजावून सांगा, वाचकाला जमतं, मराठी वाचकानं याहून अवघड शब्द पचवलेत. आणि पुढचा भाग ॲक्युपंक्चरवर आहे असं खाली लिहिलंय, त्यात 1971 मध्ये बीजिंगला अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टनचं अपेंडिक्स नुसत्या सुया टोचून, भूल न देता काढलं, ही गोष्ट येण्याची दाट शक्यता आहे, कारण ती सगळीकडे येते. त्यांनी स्वतः न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलंय की ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनवर झालं, सुया लावल्या त्या दुसऱ्या दिवशी रात्री पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा. पान छापायला जायच्या आधी तेवढं बघून घ्या.

कळावे,
चिनीतून मराठीत भाषांतर करणारी आपली एक वाचक